पार्किंग मोजता, तसे अंगणही मोजा

बारामती किंवा इंदापूरकडे जाताना रस्त्याच्या कडेला नव्या इमारतींचे मोठमोठे फलक दिसतात. वाचकहो, कधी थांबून एखादा फलक नीट वाचून पाहा. वन बीएचके, टू बीएचके, लिफ्ट, चोवीस तास पाणी, कव्हर्ड पार्किंग, सीसीटीव्ही, बॅंकेच्या कर्जाची सोय, असे सगळे ठळक अक्षरांत असते. अगदी खाली कुठेतरी ‘चिल्ड्रन प्ले एरिया’ एवढे तीन शब्द असतात. घर पाहायला गेलेला गृहस्थ नळ सोडून पाण्याचा दाब बघतो, भिंतीवर टिचकी मारून प्लॅस्टर बघतो, आपली चारचाकी बसेल का म्हणून पार्किंगची जागा पावलांनी मोजतो. पण ज्या मुलांच्या शिक्षणासाठी एवढे कर्ज काढायचे, ती मुले संध्याकाळी पाच ते सात कुठे असतील, हा प्रश्न बहुधा कुणी विचारत नाही.

शेळगावच्या डॉक्टरने फ्लॅटच्या आवारावर का लिहावे, असे कुणी म्हणेल. कारण सरळ आहे. गावाकडची कितीतरी कुटुंबे मुलांच्या शाळेसाठी बारामतीला नाहीतर इंदापूरला बिऱ्हाड करतात. वडील गावी शेती बघतात आणि आई मुलांना घेऊन तिकडे राहते. सुट्टी लागली की हीच मुले गावी येतात आणि आजी त्यांना हाताला धरून दवाखान्यात आणते. “डॉक्टरसाहेब, पोरगं जेवंना, रात्री झोपंना, सारखं डोकं दुखतंय म्हनतंय. येखादं टॉनिक लिहून द्या.” तपासावे तर ताप नाही, छाती स्वच्छ, पोट मऊ. रक्त कमी असेल तर लोहाचे औषध देतो, जंतांची शंका असेल तर त्याची गोळी देतो, फळ्यावरचे दिसत नसेल तर डोळे तपासून घ्यायला सांगतो. पण बऱ्याच मुलांना दिवसभराचा पाढा वाचायला सांगितला की निम्मे दुखणे कळते. सकाळी शाळा, दुपारी क्लास, संध्याकाळी गृहपाठ आणि मग मोबाईल. खेळतोस कुठे, असे विचारले की उत्तर येते, “पार्किंगमध्ये. पण काका लोक ओरडतात.” हेच पोर आठ-दहा दिवस गावात चिंचेखाली धुडगूस घालते आणि टॉनिकशिवाय दोन भाकऱ्या खाते.

खेळ ही चैन नव्हे

खेळ म्हणजे अभ्यास झाल्यावर उरलेल्या वेळात करायची गोष्ट, अशी आपली समजूत आहे. वैद्यकशास्त्र तसे मानत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल हवी. एक ते चार वर्षांच्या बालकांनी तर दिवसभरात मिळून तीन तास हालते-फिरते असावे, असे त्याच संघटनेने २०१९ साली सांगितले. हाडे घट्ट होण्याचे वय हेच. उडी मारणे, लटकणे, चढणे यांमुळे हाडांवर जो भार येतो त्यानेच ती बळकट होतात. कॅल्शियमच्या गोळीला ते काम एकटीने जमत नाही.

डोळ्यांचे उदाहरण तर विचार करायला लावणारे आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात १२ शाळांत एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जास्तीची बाहेर घालवायला दिली. तीन वर्षांनी पाहिले, तर नेहमीप्रमाणे शिकणाऱ्या मुलांत सुमारे ४० टक्क्यांना दूरचे अंधुक दिसू लागले होते, बाहेर जाणाऱ्या मुलांत हे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. बाहेरच्या भरपूर उजेडामुळे बुबुळामागचा डोळ्याचा गोल लांबट होत जाण्याला आळा बसतो, असे तज्ज्ञ मानतात. त्यासाठी भर उन्हात उभे राहण्याची गरज नाही. झाडाच्या सावलीतला उजेडही घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. शिवाय खिडकीच्या काचेतून आत आलेल्या उन्हात अंगात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही, हेही लक्षात ठेवावे. बंद काचेआड उजेडात बसवलेले मूल ऊन घेते आहे, असे समजू नये.

आणि मनाचे काय? डाव मांडणे, राज्य घेणे, रडीचा डाव खेळणाऱ्याला चारचौघांत सुनावणे, रुसणे आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच गड्याला हाक मारणे, हे कुठल्या क्लासमध्ये शिकवत नाहीत. मोठी माणसे मध्ये न पडता मुले जिथे आपले आपण नियम ठरवतात, तिथेच ती हरायलाही शिकतात. मुलाच्या आनंदाचा मोठा वाटा यातच असतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत कलम ३१ खाली विश्रांती आणि खेळ हा मुलाचा हक्क म्हणून नोंदला आहे, आणि भारताने ती संहिता १९९२ साली स्वीकारली आहे. म्हणजे मुलांना जागा देणे हा मोठ्यांचा उपकार नव्हे.

पेव्हर ब्लॉकवर गोट्या खेळता येत नाहीत

हल्ली आवार म्हणजे पेव्हर ब्लॉक असे समीकरण झाले आहे. दिसायला स्वच्छ, चिखल नाही, गाडी सहज वळते. पण आपल्या खेळांची यादी डोळ्यांपुढे आणा. गोट्यांना गल पाडावी लागते. विटीदांडूला कोल मारायला मातीत खाच हवी. लंगडीला पाय सोलणार नाही अशी जमीन हवी. आट्यापाट्यांना रेघा आखाव्या लागतात. सूरपारंब्यांना आडव्या फांद्यांचे झाड हवे, लपंडावाला आडोसा हवा, झिम्मा-फुगडीला चार हात मोकळी जागा आणि सागरगोट्यांना सावलीचा कट्टा हवा. प्रत्येक खेळ जमिनीकडून काहीतरी मागतो. सगळीकडे ब्लॉक बसवले की जमीन फक्त एकच गोष्ट देऊ शकते, ती म्हणजे गाडी लावायला जागा. उन्हाळ्यात हेच ब्लॉक सूर्यास्तानंतरही तापलेले राहतात, आणि त्यांच्यावर पडलेल्या मुलाचा गुडघा मातीत पडलेल्या मुलापेक्षा जास्त फुटतो.

‘अंगणवाडी’ हा शब्द आज खेड्यापाड्यात रोज बोलला जातो. त्याचा उगम आपल्याच महाराष्ट्रातला आहे. ताराबाई मोडक १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली. पुढे १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हे नाव देशभर गेले. मूल शिकायला सुरुवात करते ते अंगणात, ही ओळख ज्या मातीने देशाला दिली, तिथेच आपण अंगणाशिवाय घरे बांधत सुटलो आहोत.

बेलापूरने काय केले

जागा कमी आणि माणसे जास्त, मग अंगण आणायचे कुठून, असे बांधकाम करणारे विचारतात. त्याचे एक उत्तर नवी मुंबईत, बेलापूरला उभे आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० नंतरच्या दशकात तिथे सिडकोसाठी एक वसाहत आखली. रचना अगदी साधी होती. सात घरे एका लहान चौकाभोवती ठेवायची, चौक सुमारे ८ मीटर लांब आणि तेवढाच रुंद. अशा तीन गटांची २१ घरे मिळून एक मोठा चौक, तो १२ मीटरचा. त्याच्यापुढे आणखी मोठी सामाईक जागा. घरे तळमजल्याची किंवा एक-दोन मजल्यांची, आणि प्रत्येकाच्या वाट्याला उघडे आभाळ.

यात शहाणपण असे की रांगणाऱ्या मुलाला दारापुढचा चौक मिळाला, सात-आठ वर्षांच्या मुलाला पुढचा चौक मिळाला आणि मोठ्या पोरांना त्याच्यापुढची जागा मिळाली. मूल वाढेल तशी त्याची हद्द वाढत गेली. आई ओट्यावरून हाक मारू शकते एवढ्या अंतरावरच पहिली जागा होती. पुढे अनेक मालकांनी तिथली घरे वाढवली, काहींनी पाडून नवी बांधली. पण घरांच्या मधोमध मोकळी जागा ठेवण्याचा हा धडा आजही वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो.

आपल्या तालुक्यातही उदाहरण आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनी साखर कारखान्याभोवती वालचंदनगर वसवले, तेव्हा कामगारांच्या घरांबरोबर शाळा, दवाखाना आणि मैदान यांचाही विचार झाला. हडपसरला मगरपट्ट्यातल्या शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून नगर उभे केले आणि त्यात मधोमध मोठी बाग राखली. जमीन विकणारा शेतकरी मनात आणील तर मुलांसाठी जागा राखून ठेवू शकतो, हे यातून दिसते. आपल्या भागात एनए प्लॉट पाडणाऱ्या शेतकऱ्यांनी याचा विचार जरूर करावा.

दहा टक्के जातात कुठे

कायदाही मुलांच्या बाजूने थोडाफार आहे. राज्याच्या २०२० च्या एकात्मिकृत विकास नियंत्रण नियमावलीत अशी तरतूद आहे की जागा ०.४० हेक्टर, म्हणजे एक एकराला थोडी कमी, किंवा त्याहून मोठी असेल तर तिच्यातला १० टक्के भाग मनोरंजनासाठी खुला सोडावा. आता आपल्याकडची गंमत पाहा. लहान गावातल्या इमारती बहुधा दहा-वीस गुंठ्यांवर उभ्या राहतात. तिथे ही सक्ती सहसा लागत नाही. जिथे लागते तिथे नकाशावर हिरवा रंग असतो, पण प्रत्यक्षात तो तुकडा एखाद्या कोपऱ्यात, ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी, सेप्टिक टँकच्या वर किंवा ओढ्याच्या उतारावर काढलेला असतो. काही वर्षांनी तिथे पाण्याची टाकी येते, मग पत्र्याची शेड येते, मग चार दुचाकी लागतात. कुणी तक्रार करीत नाही, कारण ज्यांची जागा गेली ती मुले सोसायटीची सभासद नसतात.

माझे म्हणणे एवढेच की नियमात बसत नसले तरी दहा गुंठ्यांच्या इमारतीलासुद्धा एक गुंठा मुलांसाठी सोडता येतो. एक गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. बेलापूरचा लहान चौक याहून लहान होता.

जागा कशी असावी

पैसे फार लागत नाहीत, विचार लागतो. डॉक्टर म्हणून मला महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टी सांगतो.

१) जागा घरांच्या नजरेत असावी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून, गॅलरीतून दिसावी. मागच्या बाजूला, भिंतीआड काढलेल्या जागेत आई मूल सोडत नाही, आणि ते बरोबरच आहे.

२) गाडी आणि मूल यांची वाट वेगळी हवी. मागे येणाऱ्या गाडीच्या चालकाला तीन वर्षांचे पोर दिसत नाही. फाटकापासून खेळण्याच्या जागेपर्यंत मुलांना गाड्यांमधून जावे लागू नये.

३) निम्मी तरी जमीन मातीची ठेवावी. घसरगुंडी आणि झोक्याखाली किमान एक फूट जाडीची वाळू हवी. त्याखाली काँक्रीट केलेले दिसले तर तो झोका आधी काढायला लावा. वाळूत कुत्र्या-मांजरांनी घाण करू नये म्हणून रात्री ताडपत्री टाकावी.

४) सावलीची झाडे लावावीत. कडुनिंब, करंज, चिंच, जांभूळ आपल्या हवेत चांगली येतात. पत्र्याची घसरगुंडी भर उन्हात ठेवली तर मुलांच्या मांड्या भाजतात, म्हणून ती सावलीतच हवी. शोभेसाठी कण्हेर आणि बिट्टी मात्र मुलांच्या आवारात लावू नयेत. दोन्ही झाडे विषारी आहेत. बिट्टीच्या बिया मुले खेळायला घेतात आणि तोंडात घालतात. त्या विषाने हृदयाचे ठोके बिघडतात. मुलाने बी खाल्ल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपाय करीत न बसता त्याला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे.

५) आजी-आजोबांसाठी कट्टा असावा. म्हातारी माणसे बसली की आपोआप राखण होते, आणि त्यांचाही वेळ जातो. मुलांवर लक्ष ठेवायला सीसीटीव्हीपेक्षा कट्ट्यावरची आजी बरी.

६) मुलींचा विचार वेगळा करावा. पाचवी-सहावीनंतर मुली मैदानावरून दिसेनाशा होतात. दिवा, जवळ स्वच्छतागृह, बसायला जागा आणि सगळे मैदान क्रिकेटला न देता एक भाग राखणे, एवढे केले तरी त्या टिकतात. अपंग मुलांसाठी पायऱ्यांऐवजी उतार करावा. त्याचा उपयोग आजोबांच्या गुडघ्यांनाही होईल.

७) जमिनीतल्या पाण्याच्या टाकीचे झाकण जड आणि कुलूपबंद हवे. डीपीला कुंपण हवे. कारंजे, जुने टायर, कुंड्यांच्या ताटल्या यांत पाणी साचू देऊ नये. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो. झोक्याच्या साखळ्या आणि नटबोल्ट दर महिन्याला कुणीतरी पाहावेत. मुलांनी १० व्या आणि १६ व्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाचे इंजेक्शन घेतले आहे ना, हे पालकांनी पाहावे.

रंगीबेरंगी महागडी खेळणी आणलीच पाहिजेत असे नाही. डेन्मार्कमध्ये १९४३ साली एम्ड्रुप येथे जुनी लाकडे, विटा आणि भंगार देऊन मुलांसाठी मैदान तयार केले गेले. कारण सोरेन्सन या उद्यान-रचनाकाराच्या लक्षात आले होते की मुले तयार मैदानापेक्षा बांधकामाच्या पसाऱ्यात जास्त रमतात. ॲमस्टरडॅम शहरात १९४७ पासून पुढच्या तीसेक वर्षांत आल्डो व्हान आयक यांनी पडीक तुकड्यांवर सातशेहून जास्त लहान क्रीडांगणे केली. त्यांत असे काय, वाळूचा हौद, लोखंडी कमानी आणि उड्या मारायला दगडी ठोकळे. आपल्याकडे चार ट्रॉल्या माती, एक वाळूचा ढीग, दोरखंड आणि काही ओंडके एवढ्यात हे काम होईल.

तक्रारींचे काय

सोसायटीच्या सभेत तीन तक्रारी हमखास निघतात. पहिली आवाजाची. ती खरी आहे. आजारी माणूस, तान्हे बाळ, रात्रपाळी करणारा कामगार यांना झोप हवी. म्हणून दुपारी दोन ते चार शांतता ठेवावी असा नियम मुलांना बोलावून, त्यांच्यासमोर करावा. स्वतः कबूल केलेला नियम मुले पाळतात. दुसरी तक्रार काचांची. जाळी लावा, कडक चेंडूला मनाई करा, पण खेळाला मनाई करू नका. काच बदलता येते, मुलाचे गेलेले बालपण बदलता येत नाही. तिसरी तक्रार धोक्याची, आणि आई-वडिलांची ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. पालखी मार्ग रुंद झाला, गाड्यांचा वेग वाढला. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात. शेततळी झाली, कॅनॉल तर पूर्वीपासून आहे. पण याच कारणाने आवारात जागा हवी. आत जागा मिळाली नाही तर मोठी पोरे बाहेर जातातच, रस्त्यावर नाहीतर कॅनॉलवर. आणि लहान पोरे मोबाईल घेऊन पलंगावर बसतात.

ज्यांना आवारच नाही

फ्लॅटवाल्यांचे झाले. घरकुलाचे काय? प्रधानमंत्री आवास योजनेतल्या ग्रामीण घराला किमान २५ चौरस मीटर जागा धरली आहे. एवढ्या घरात चार-पाच माणसे राहिली की मूल खेळणार बाहेरच. म्हणून ग्रामपंचायतीने घरकुलांची ओळ आखताना मध्ये एक मोकळा चौक आखून घ्यावा. सगळी घरे झाल्यावर तो काढता येत नाही. हंगामात कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. त्यांची मुले तर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांच्या चाकांमध्येच वाढतात. चाकांपासून दूर, दोरी बांधून अलग केलेली सावलीची एक जागा, एवढे तरी त्या मुलांना मिळायला हवे. त्याला फार मोठा खर्च नाही.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत कुणी फ्लॅट पाहायला जाणार असाल तर मुलाला बरोबर न्या आणि संध्याकाळी पाच वाजता जा. त्या वेळी आवारात मुले खेळताना दिसतात का ते पाहा. मंजूर नकाशा मागा आणि त्यातली खुली जागा प्रत्यक्ष कुठे आहे ते पावलांनी मोजा. जे आधीच राहायला गेले आहेत त्यांनी पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगच्या विषयाआधी मुलांच्या जागेचा विषय घ्यावा आणि त्या दिवशी चार मुलांनाही सभेला बसवावे. त्यांना काय हवे ते विचारा. माझ्या अनुभवात मुले फार मोठे काही मागत नाहीत. एक झाड, थोडी माती आणि कुणी न ओरडणारे दोन तास, एवढ्यावर ती खूष असतात.